धनुष्यावर नाव कोठे लिहावे?

काही वर्षांपूर्वी सुट्टीतील एका शिबिरात आम्ही मुलांकडून बांबूची धनुष्ये करवून घेतली होती. चांगल्या पोसलेल्या बांबूची चार फुटांची कांब, दोन्ही टोकांना खाचा आणि सुतळीची दोरी, एवढाच मामला. धनुष्य तयार झाले की ते आपले आहे हे सर्वांना कळले पाहिजे, म्हणून मुलांनी लगेच त्यावर नावे घालायला सुरुवात केली. कोणी शाईने लिहिले, कोणी चाकूने कोरले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तीन धनुष्ये मोडली. तिन्ही कोरलेली होती आणि तिन्ही नेमकी नावावरच मोडली होती. दोन्ही हातांत दोन तुकडे घेऊन एका मुलाने आम्हाला रागाने विचारले, "मग नाव लिहायचे तरी कुठे?"

त्या वेळी आम्ही "शाईने लिही" असे सांगून मोकळे झालो. पण प्रश्न डोक्यातून जाईना. धनुष्य हे माणसाच्या फार जुन्या यंत्रांपैकी एक. डेन्मार्कमधील होल्मेगार्ड येथील दलदलीत १९४४ साली सापडलेली एल्मच्या लाकडाची धनुष्ये सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीची आहेत. इतक्या दीर्घ काळात धनुष्यावर खूण करण्याची गरज अनेकांना पडली असणार. त्यांनी ती कशी भागवली?

कोणाचे?

पहिली गरज मालकी सांगण्याची. याचे आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण महाभारताच्या विराटपर्वात आहे. अज्ञातवासाला जाण्यापूर्वी पांडवांनी आपली शस्त्रे शमीच्या झाडावर लपवली, ही कथा दसऱ्याच्या निमित्ताने आपण मुलांना सांगतोच. पुढचा भाग मात्र सहसा सांगितला जात नाही. विराटाचा मुलगा उत्तर झाडावर चढून गाठोडे सोडतो आणि एकेक धनुष्य पाहून विचारत जातो. सोन्याचे शंभर ठिपके असलेले हे धनुष्य कोणाचे? पाठीवर सोन्याचे हत्ती आहेत ते कोणाचे? इंद्रगोप, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी दिसणारा तो मखमली लाल किडा, त्याच्या आकृती असलेले कोणाचे? तीन सूर्यांचे कोणाचे, टोळांचे कोणाचे? बृहन्नडेच्या वेषातील अर्जुन उत्तर देतो: ठिपक्यांचे ते गांडीव, हत्तींचे भीमाचे, इंद्रगोपांचे युधिष्ठिराचे, सूर्यांचे नकुलाचे आणि टोळांचे सहदेवाचे.

हे काव्य आहे. त्यावरून कारागिरीविषयी अनुमाने काढणे बरोबर नाही. पण एक गोष्ट त्यातून निश्चित कळते. धनुष्य त्यावरील खुणेवरून ओळखायचे असते, ही कल्पना ऐकणाऱ्यांना नवी नव्हती. आणि त्या खुणा मालकाच्या होत्या. ती धनुष्ये ज्यांनी केली त्यांच्याविषयी उत्तराने विचारले नाही.

कोणी केले?

करणाऱ्याची खूण पाहायची तर आपल्याला इंग्लंडमध्ये जावे लागेल. तेथील लांब धनुष्य प्रसिद्ध आहे. १४१५ साली अ‍ॅजिनकोर्टच्या लढाईत इंग्रजांनी फ्रेंचांवर मिळवलेल्या विजयात त्याचा मोठा वाटा होता. अशी हत्यारे हजारोंच्या संख्येने लागू लागली की माल कोणाचा आणि वाईट निघाला तर धरायचे कोणाला, हा प्रश्न उभा राहतो. लंडनमध्ये धनुष्यकार आणि बाणकार हे धंदे १३७१ साली वेगळे झाले. १४०६ च्या सुमारास तर बाणाच्या पात्यांविषयी कायदाच झाला. पाती नीट करावीत, त्यांची टोके पोलादाने कठीण करावीत आणि प्रत्येक पात्यावर करणाऱ्याने आपली खूण उमटवावी, असे त्यात सांगितले होते. सोनारांना स्वतःची खूण सक्तीची करणारा कायदा त्याआधीच, १३६३ साली झाला होता. खूण ही येथे शोभा राहिली नाही. ती जबाबदारीची सही झाली.

लोखंडाच्या पात्यावर छाप मारणे सोपे. सोन्याचांदीवर तर त्याहून सोपे. लाकडी धनुष्याचे काय?

याचे उत्तर समुद्राच्या तळाशी होते. १९ जुलै १५४५ रोजी आठव्या हेन्रीचे 'मेरी रोज' हे लढाऊ जहाज पोर्टस्मथजवळ सोलेंटच्या खाडीत, फ्रेंच आरमाराशी लढत असताना बुडाले. त्यावरील बहुतेक सर्व माणसे मेली. जहाजाचा एक भाग गाळात रुतला आणि गाळाने त्याला हवेपासून, म्हणजेच कुजण्यापासून जपले. १८३६ साली डीन बंधू या पाणबुड्यांनी तेथून काही वस्तू वर काढल्या. पुढे जागा पुन्हा विस्मरणात गेली, १९७१ मध्ये ती पुन्हा सापडली आणि ११ ऑक्टोबर १९८२ रोजी जहाजाचा सांगाडा पाण्याबाहेर आला. त्यातून मिळालेल्या वस्तूंत १७२ लांब धनुष्ये होती. त्यापूर्वी त्या काळातील इंग्रजी धनुष्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उपलब्ध होती. ही सुमारे दोन मीटर लांबीची, यू या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची आहेत. (यूचा एक भाऊबंद हिमालयात वाढतो; तिकडे त्याला थुनेर म्हणतात.)

यांतील बऱ्याच धनुष्यांवर मध्याजवळ एक छोटी खूण आहे. ती अक्षरे नाहीत. टोकदार हत्याराने टोचून उमटवलेला तो लहानसा आकार आहे. ही धनुष्यकाराची खूण असावी असे अभ्यासक मानतात. शिवाय धनुष्याचे वरचे टोक कोणते आणि हात कोठे धरायचा, हे चटकन कळायलाही ती उपयोगी पडत असावी. दोन मीटरच्या धनुष्यावर जागा मुबलक होती. मग खूण एवढी लहान का, आणि ती मध्याजवळच का?

लाकडाचे म्हणणे

येथे इतिहास बाजूला ठेवून एक खोडरबर हाती घ्यावे. त्याच्या बाजूवर पेनाने समान अंतरावर आडव्या उभ्या रेघा ओढाव्यात आणि ते कमानीसारखे वाकवावे. बाहेरच्या कडेला रेघा एकमेकींपासून दूर जातात, आतल्या कडेला जवळ येतात आणि मधोमध त्यांच्यातील अंतर जवळजवळ तेवढेच राहते. बाहेरचा भाग ताणला जातो, आतला दाबला जातो, आणि मध्ये एक थर असा असतो की त्याला ना ताण ना दाब. वर्गातील प्रत्येक मुलाला हे स्वतः करता येते.

धनुष्यात नेमके हेच घडते. नेम धरणाऱ्याकडे असलेली बाजू ती धनुष्याचे पोट आणि लक्ष्याकडची ती पाठ असे म्हणू. दोरी ओढली की पाठ ताणली जाते आणि पोट दाबले जाते. तीन सें.मी. जाडीचे लाकूड दीड मीटर त्रिज्येच्या कमानीत वाकवले, तर पाठीवरचा तंतू शेकडा १ ने लांबतो. ही लांबी कमी वाटते, पण लाकडाच्या सहनशक्तीची हद्द तेथून फार लांब नाही.

अशा ताणलेल्या पाठीवर आडवा चरा गेला की दोन गोष्टी होतात. पहिली, जाडी कमी होते. लाकडाचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. म्हणून ३० मि.मी. जाडीतून सगळ्या रुंदीवर १ मि.मी. काढला, तर त्या जागी ताठरपणा शेकडा १० ने घटतो. लाकूड तेथेच जास्त वाकू लागते. दुसरी गोष्ट अधिक घातक. ताण वाहणारे तंतू चऱ्यापाशी तुटलेले असतात आणि त्यांचा भार शेजारच्या तंतूंवर पडतो. चरा जितका खोल आणि त्याचे टोक जितके अणकुचीदार, तितका तेथे ताण अधिक एकवटतो. याचे गणित इंग्लिस या अभियंत्याने १९१३ साली मांडले. तुटलेल्या तंतूपासून चोय उचलली जाते, ती लांबत जाते आणि धनुष्य मोडते. बांबूत तर बाहेरच्या सालीजवळ तंतूंची दाटी सर्वांत जास्त असते. आमच्या शिबिरातील मुलांनी नेमकी तीच साल कोरली होती.

आता 'मेरी रोज'वरील खूण पुन्हा पाहावी. मध्याजवळ लाकूड सर्वांत जाड असते, तेथे ते टोकांकडच्या भागापेक्षा कमी वाकते. आणि बारीक टोच्याने टोचले तर फार थोडे तंतू तुटतात; लांब आडवा चरा पडत नाही. जबाबदारीची सही हवी आणि लाकडाला इजा नको, या दोन मागण्यांमधून निघालेली ही वाट आहे, असे आम्हाला वाटते.

हे त्या कारागिरांना कोणी शिकवले? पुस्तकांनी तर नक्कीच नाही. 'मेरी रोज' बुडाले त्याच वर्षी, १५४५ मध्ये, रॉजर अ‍ॅस्कम याचे धनुर्विद्येवरील 'टॉक्सोफिलस' हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि ते त्याने आठव्या हेन्रीला अर्पण केले. गाठ, भेग किंवा सुरकुती नसलेले धनुष्य पारखून घ्यावे, असे अ‍ॅस्कम त्यात सांगतो. दोष ओळखायला तो शिकवतो. लाकूड का मोडते याचे गणित त्याच्याकडे नव्हते. गॅलिलिओने १६३८ साली भिंतीतून बाहेर आलेल्या तुळईचा विचार केला, तेव्हा त्यानेही सगळा छेद ताणालाच तोंड देतो असे धरले; दाबाची बाजू त्याच्या हिशेबातून सुटली. पारां याने १७१३ मध्ये ती चूक दुरुस्त केली आणि नाव्हिए याने १८२६ मध्ये आज आपण शिकवतो ते गणित घडवले.

पण यूचे धनुष्य तासताना बाहेरचे पांढरट रसकाष्ठ पाठीला आणि आतले तांबूस मध्यकाष्ठ पोटाला ठेवण्याची रीत १५४५ मध्ये जुनी झाली होती. रसकाष्ठ ताण चांगला सोसते, मध्यकाष्ठ दाब. दोन बाजूंना दोन वेगळी कामे आहेत हे त्या हातांना ठाऊक होते. पारांच्या दुरुस्तीला अजून १६८ वर्षे होती. हे समीकरण नव्हे, हे मान्य. या ज्ञानाने नव्या पुलाचा हिशेब करता आला नसता. तरीही ते ज्ञानच होते, आणि मोडलेल्या धनुष्यांची किंमत देऊन ते मिळवलेले होते.

किती?

आज हाताने लाकडी धनुष्ये करणारे लोक त्यांवर तिसऱ्या प्रकारची खूण करतात. मुठीजवळ शाईने स्वतःचे नाव, साल आणि दोन आकडे लिहिलेले असतात, उदाहरणार्थ "२८ इंचांना ५० पौंड". वर व्हार्निशचा हात दिला की अक्षरे टिकतात आणि एकही तंतू तुटत नाही. तापल्या सळईने अक्षरे डागणाऱ्यांनी मात्र जपावे. जळालेला तंतू तुटलेल्या तंतूसारखाच निकामी असतो.

या दोन आकड्यांत पदार्थविज्ञानाचा एक तास भरतो. बाण २८ इंच ओढला तर हाताला ५० पौंड, म्हणजे सुमारे २२२ न्यूटन बल लागते. दोरी आधीच मुठीपासून सहा इंचांवर असते, म्हणून प्रत्यक्ष ओढ २२ इंचांची, म्हणजे ०.५६ मीटर. बल शून्यापासून साधारण सरळ रेषेत वाढते असे धरले, तर साठलेली ऊर्जा गुणाकाराच्या निम्मी, सुमारे ६२ जूल. 'मेरी रोज'वरील धनुष्यांचे बल अभ्यासकांनी साधारण १०० ते १८५ पौंड असे अंदाजले आहे. ती ओढणाऱ्यांचे खांदे कसे असतील याची कल्पना मुलांना हा हिशेब केल्यावर येते.

पुढच्या शिबिरात आम्ही धनुष्यांवर कोरायला बंदी केली नाही. एक जादा कांब दिली आणि तिच्या पाठीवर मुद्दाम आडवा चरा पाडून ती सर्वांसमोर वाकवायला सांगितली. ती कडकन मोडली. मग प्रत्येकाने मुठीजवळ शाईने एक छोटी खूण केली: कोणी त्रिकोण, कोणी चांदणी, कोणी मासा. एका मुलीने वहीचे पान फाडून कोणती खूण कोणाची याची यादी केली आणि ती भिंतीला लावली.

'मेरी रोज'वरील खुणांशेजारी अशी यादी नाही. राजाचे नाव आपल्याला माहीत आहे, आरमाराच्या अधिकाऱ्यांची माहीत आहेत. धनुष्ये करणाऱ्यांकडून मात्र आपल्यापर्यंत पोचले ते टोच्याचे काही ठिपके. खारट गाळात चार शतकांहून अधिक काळ राहूनही ते वाचता येतात, कारण ज्याने ते टोचले त्याला लाकूड कोठे दुखते हे माहीत होते.