वरातीतला खर्ज

दुसऱ्यांची गाणी हौसेने बसवून, जमेल तिथे जाऊन वाजवणारे ताफे बीड जिल्ह्यात पिढ्यान् पिढ्या आहेत. लग्नाच्या वरातीतले बँड पथक, चौदा एप्रिलच्या रात्री भीमगीते म्हणणारी गायन पार्टी, सप्ताहातले भजनी मंडळ, गणेशोत्सवात एका संध्याकाळपुरता उभा राहणारा ऑर्केस्ट्रा ही त्यांचीच रूपे. यातल्या बहुतेकांचे पोट या कामावर भरत नाही. बाकीचे दिवस ते शेतात, दुकानात, मोंढ्यात किंवा उसाच्या फडात असतात. या ताफ्यांत बेस गिटार फार उशिरा आली आणि आली तीही मोजक्याच ठिकाणी टिकली. त्यावरून असे म्हटले जाते की आपले संगीत चाल आणि ठेका यांवर उभे आहे, त्याला खालच्या सुराची गरज कधी भासलीच नाही, आणि ज्याची गरज नव्हती ते वाद्य रुजले नाही. मला हे पटत नाही. खालच्या आवाजाचे काम या जिल्ह्यात फार जुने आहे. ते करणारी वाद्ये बदलत गेली, आणि कोणते वाद्य ते काम करणार हे ऐकणाऱ्यांच्या आवडीपेक्षा रस्त्याने, विजेने आणि माणसांच्या सामाजिक जागेने जास्त ठरवले.

आधी जुना पुरावा पाहू. पखवाजाच्या डाव्या तोंडावर वाजवण्याआधी ओली कणीक लावतात. तिच्या वजनाने कातड्याचा कंप मंदावतो आणि आवाज खाली उतरतो. कार्यक्रम संपला की ती खरवडून काढायची, पुढच्या वेळी पुन्हा मळून लावायची. एवढा उपद्व्याप केवळ खर्जासाठी आहे. ढोलकीच्या धुम पुडीला आतून मसाला लावतात तो त्याच हेतूने. गोंधळ्याच्या संबळात एक भांडे लहान आणि एक मोठे असते, कारण वरच्या कडकडाटाखाली घुमणारा आवाज हवा असतो. नंदीबैलवाल्याची गुबगुबी तर घासून निघणाऱ्या खोल आवाजासाठीच ओळखली जाते. अंबाजोगाईच्या योगेश्वरीपुढचा गोंधळ असो की नारायणगडाच्या परिसरातला हरिनाम सप्ताह, खालचा आवाज नसलेली मांडणी इथे शोधून सापडणार नाही. अंबाजोगाई तालुक्यातल्या आपेगावचे शंकरबापू आपेगावकर यांनी वारकरी भजनातला पखवाज मैफलीच्या व्यासपीठावर मानाने नेला. ज्या जिल्ह्याने असा वादक घडवला, त्या जिल्ह्याच्या कानाला खर्जाचे सोयरसुतक नाही असे म्हणणे मोठे धाडसाचे आहे.

यावर संगीताचा जाणकार एक रास्त आक्षेप घेईल. पखवाज किंवा ढोलक खोल वाजतो हे खरे, पण तो सुरांची वाट चालत नाही. बेस गिटार गाण्याच्या स्वरसंगतीप्रमाणे एका स्वरावरून दुसऱ्यावर जाते. चामड्याचा आवाज एकाच जागी ठोके देत राहतो. मग दोघांना एका रांगेत कसे बसवायचे? आक्षेप अर्धा खरा आहे. डग्ग्यावर किंवा ढोलकाच्या डाव्या पुडीवर मनगटाचा दाब वाढवत हात सरकवला की आवाज वर चढतो, दाब सोडला की उतरतो. कव्वालीच्या आणि भीमगीतांच्या पार्टीतला तयार ढोलकवाला याच घसरणीतून गायकाच्या ओळीखाली दुसरी एक ओळ बोलत असतो. तिला नेमके स्वर नसतात, पण चढउतार असतो, प्रश्न-उत्तर असते, ओळ संपल्याची खूण असते. आक्षेपाचा उरलेला अर्धा भाग मात्र मान्य केलाच पाहिजे. षड्ज स्थिर ठेवून वर चाल फिरवणे ही आपली रीत आहे. खालचा स्वर बदलला की वरच्या त्याच स्वराचा अर्थ बदलतो, ही युक्ती आपल्या गावच्या वादकांकडे परंपरेने आलेली नव्हती. ती मुंबईच्या सिनेमासंगीतात आली आणि तिथे ती आणणाऱ्यांत गोव्याचे वादक आघाडीवर होते. पोर्तुगीज अमलातल्या चर्चच्या शाळांत त्यांना व्हायोलिन आणि लिहिलेले सूर वाचण्याचे शिक्षण मिळाले होते. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारख्या संयोजकांनी हिंदी चालींखाली स्वरसंगतीचा पाया घातला. पुढे राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ यांच्यासारख्या वादकाने बेस गिटारला गाण्यातले एक पात्र करून टाकले.

ही गाणी बीडच्या बँडने उचलली तेव्हा त्यातला हा पाया का गळला, हा खरा इतिहासाचा प्रश्न आहे. अडाणीपणा हे सोपे उत्तर चुकीचे आहे. बँडचे क्लॅरिनेटवाले सिनेमाची अवघड चाल कानाने ऐकून, एकही खूण न लिहिता, हरकतींसकट वाजवत आले आहेत. ज्या कानाला एवढे पकडता येते त्याला खालची ओळ पकडता आली नसती, असे मानायला आधार नाही. मला वाटते, ती त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नाही. गावात सिनेमाचे गाणे आले ते लग्नमांडवाच्या खांबाला बांधलेल्या कर्ण्यातून आणि खिशाएवढ्या ट्रान्झिस्टरमधून. कर्णा दूरवर ऐकू जावा म्हणून बनवलेला असतो. तो मधला आणि वरचा आवाज फेकतो, खालचा जवळजवळ गिळून टाकतो. बेस गिटारची सर्वांत खालची तार सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते. त्या आवाजाची एक लाट आठ मीटरहून लांब असते. ती बाहेर ढकलायला मोठा पडदा आणि भरपूर वीज लागते. तळहाताएवढ्या स्पीकरला ते शक्य नाही. म्हणजे मुंबईच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेले गाणे केजच्या किंवा गेवराईच्या चौकात पोहोचेपर्यंत त्याचा तळ नाहीसा झालेला असे. बँडने जे ऐकले त्याची इमानेइतबारे नक्कल केली आणि तळाची रिकामी जागा स्वतःच्या मोठ्या ढोलाने भरून काढली. ही भर नकलेत मोडत नाही. त्या काळच्या वरातीतला खर्ज ही बँडवाल्यांची स्वतःची रचना होती.

रस्त्यानेही आपला निर्णय दिला होता. बँड पथकाची घडण लष्करी वाद्यवृंदातून आली. अंबाजोगाई म्हणजे निजामाच्या राजवटीतले मोमिनाबाद. तिथे हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. त्यामुळे परदेशी बिगुल-ड्रमची शिस्त या भागाला एकोणिसाव्या शतकातच कानाने माहीत असणार. पितळी बँडमध्ये खालचा सूर धरणारे ट्युबासारखे वाद्य मुळात आहे. पण ते जड आणि महाग. लग्नाच्या बँडमध्ये त्याऐवजी बहुधा युफोनियमवर भागवले गेले आणि त्यालाही मुख्य चालच खालच्या सप्तकात वाजवायला लावली गेली. वरात चालत असते, वाटेत थांबते, नाचणारे मध्ये घुसतात, लग्नघटिका टळू नये म्हणून कोणी तरी मागून ढकलत असतो. अशा गर्दीत आधी गाणे ओळखू आले पाहिजे. मेरठच्या जली कोठीतून येणारी पितळी वाद्ये विकत घेणारा बँडमालक चार पैसे जास्तीचे असतील तर दुसरा ट्रम्पेट घेईल, कारण तो दिसतो आणि ऐकूही येतो. पुण्याचे प्रभात किंवा दरबार यांच्यासारखे बँड मोठ्या शहराच्या आणि मोठ्या उत्सवाच्या आधाराने वाढले. बीडची लगीनसराई मात्र छोटी. जिल्ह्यातली माणसे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. घरातली माणसे परत आल्याशिवाय लग्ने कशी निघणार? त्यामुळे बँडची कमाई उन्हाळ्याच्या थोड्या आठवड्यांत कोंबलेली असते आणि तेवढ्या कमाईत खास खर्जासाठी एक माणूस पोसणे परवडत नाही.

तिसरे कारण बोलायला अवघड आहे, पण टाळता येणार नाही. हलगी, डफडे, सनई वाजवणे ही आपल्याकडे नुसती कला नव्हती. ते जातीवर लादलेले काम होते. मातंग समाजाकडे वाजंत्र्याचे काम होते, महार समाजाकडेही काही ठिकाणी होते. वाजंत्र्याशिवाय लग्न लागत नसे आणि वाजंत्र्याची पंगत मांडवाबाहेर, सर्वांत शेवटी. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीने अशी गावकीची कामे सोडायला सांगितले आणि १९५६ च्या धर्मांतरानंतर अनेकांनी ती वाद्ये निर्धाराने खाली ठेवली. हा निर्णय संगीताचे नुकसान म्हणून मोजणारे लोक मला कोडगे वाटतात. माणसाने अपमान सहन करून ठेका जपावा, अशी अपेक्षा करण्याचा अधिकार ऐकणाऱ्याला नाही. शिवाय वाद्य खाली ठेवणाऱ्यांनी संगीत सोडले नाही. हार्मोनियम, ढोलक आणि बेंजो (बुलबुलतरंगाला आपल्याकडे असेच म्हणतात) घेऊन त्यांनी गायन पार्ट्या उभ्या केल्या आणि गावच्या पाटलाने बोलावल्याशिवाय, स्वतःच्या कार्यक्रमात, स्वतःच्या व्यासपीठावर वाजवले. सिनेमाच्या चालींवर नवे शब्द बसवणे हे त्यांचे मोठे हत्यार होते. ढोलकवाल्याचा डावा हात तिथे पहिल्यांदा मांडवाच्या आत, उजेडात आला.

विजेचा भाग थोडक्यात सांगतो. बेस गिटार हे मुळातच विजेचे अपत्य. अमेरिकेत लिओ फेंडरने १९५१ मध्ये ते बाजारात आणले, कारण उभा डबल बेस वाहून न्यायला अवघड आणि गोंगाटात ऐकू न येणारा होता. परळीचे औष्णिक वीज केंद्र १९७१ पासून महाराष्ट्राला वीज देते आहे. पण ज्या जिल्ह्यात ती वीज तयार होते त्याच्याच गावांनी पुढे भारनियमनाच्या लांबलचक रात्री काढल्या. जनरेटरवर चालणाऱ्या गाडीत एक कीबोर्ड, एक ऑक्टोपॅड आणि एक गायक मावतो. कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताने खालचे स्वर दाबले की बेसचे काम झाले, असे मालकाचे गणित. त्यात एका माणसाचा रोज वाचतो. गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार दिसते तेव्हाही फलकावर नाव गायकाचे आणि निवेदकाचे.

यानंतर जे घडले ते माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. कॅसेटच्या टेपला मोठे स्पीकर जोडले गेले, जीपमध्ये आणि उसाच्या ट्रॅक्टरवर बूफर बसले, आणि कर्ण्याने गिळलेला तळ प्रथमच गावाच्या कानावर आला. मग तेच गाणे बँडकडून ऐकताना पोकळ वाटू लागले. लोकांनी डीजेला पसंती दिली ती आवाज मोठा म्हणून, असे सगळे सांगतात. पण कर्णाही मोठाच होता आणि त्याच्यावर कोणी बरगड्या हलेपर्यंत नाचले नाही. लोकांना हवा होता तो छातीत शिरणारा खर्ज. गरज नव्हती म्हणणाऱ्यांना याचे उत्तर द्यावे लागेल: ज्या गोष्टीची गरज नव्हती तिच्यासाठी कर्ज काढून लोक डीजेची सुपारी का देतात?

कोणी म्हणेल, मग बरेच झाले. खर्ज मिळाला, तोही मूळ गाण्यातला, वाझ यांच्यासारख्यांनी वाजवलेला. आता बेस वाजवणाऱ्या हौशी पोराची काय गरज? इथे मला कायद्यातली एक खोच महत्त्वाची वाटते. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. त्यांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, आणि मोजणी माणसाच्या कानाच्या संवेदनेनुसार करायची आहे. कान खालच्या आवाजाला मंद असतो, म्हणून या मोजणीत ६० कंपांच्या आसपासचा आवाज पंचवीसएक डेसिबल कमी धरला जातो. म्हणजे भिंतीला तडे जाण्याची भीती वाटावी असा खर्ज मोजयंत्रावर बराच सौम्य दिसतो. यंत्राला अडवणे त्यामुळे अवघड होते. माणूस स्वतः थांबतो. समोर म्हातारी खाटेवर पडली आहे, दवाखाना आला आहे, घोडा बुजतो आहे, हे ढोलवाला पाहतो आणि हात हलका करतो. खालचा आवाज सर्वांत लांब जातो, भिंतीतून जातो, म्हणून तो पाहणाऱ्या माणसाच्या हातात असणे इतर कुठल्याही आवाजापेक्षा जास्त गरजेचे आहे. शिवाय ध्वनिमुद्रित खर्ज गायकाची वाट पाहत नाही. गायकाने ओळ पुन्हा घेतली, नवरीच्या भावाने अंतरा परत मागितला, तर त्याच्याखाली जाऊन उभे राहणे वादकालाच जमते.

असा वादक जिल्ह्यात तयार कसा होणार, ही शंका रास्त आहे. पण तिचे उत्तर मुंबईत शोधायला नको. सप्ताहात पखवाज शिकलेली मुले इथे गावोगाव आहेत. ठेका न सोडता गाणाऱ्याच्या मागे राहणे, अभंग रंगला की भरणे आणि शब्द आला की रिकामे होणे, हे त्यांच्या हातात आधीच बसलेले आहे. बेस वादनातला अवघड भाग तोच. तारांवरच्या जागा आणि स्वरसंगतीची ओळख वर्षभराच्या मेहनतीत येते. त्यातले सगळेच जण कणीक मळणे सोडून गिटार घेणार नाहीत, आणि घेऊही नये. मात्र एखाद्या हौशी ऑर्केस्ट्राने बेससाठी माणूस शोधताना आधी भजनी मंडळात चौकशी करावी, आणि तो मिळाला की त्याचे नाव फलकावर गायकाच्याच आकारात छापावे.