कंपायलरचे पूर्वनिर्धारित पर्याय : बदलावेत केव्हा, बदलावेत कसे?

सुरतेच्या हिरे उद्योगात कच्चा खडा कापण्यापूर्वी यंत्रात ठेवून त्याची संगणकीय प्रतिमा घेतली जाते. कोठे कापले असता अधिकाधिक वजन वाचेल, याचा आराखडा त्या प्रतिमेवरून संगणकाची आज्ञावली मांडते. एकदा कापलेला हिरा पुन्हा जोडता येत नाही. समजा, अशी एखादी आज्ञावली अगदी नव्या संगणकावर बांधली आणि शेजारच्या कारखान्यातील बारा-पंधरा वर्षे जुन्या संगणकावर नेली. तेथे ती सुरू होताच ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ असा संदेश देऊन बंद पडू शकते. हे नुकसान निदान डोळ्यांना दिसते. त्याहून वाईट शक्यता अशी की, ती बंद न पडता किंचित निराळे उत्तर देईल आणि ते कोणाच्या लक्षातही येणार नाही. या दोन्ही घटनांचे मूळ बांधणीच्या वेळी लिहिलेल्या एखाद्या शब्दात असू शकते. त्या शब्दांना ‘कंपायलर फ्लॅग’ म्हणतात.

(हे पर्याय प्रत्यक्ष आदेशात रोमन अक्षरांतच टंकावे लागतात. येथे ते उच्चारानुसार दिले आहेत.)

फ्लॅग म्हणजे काय?

प्रोग्रॅमरने लिहिलेल्या मजकुराचे यंत्रभाषेत रूपांतर करणारी आज्ञावली म्हणजे कंपायलर. हे रूपांतर कसे करावे, याच्या सूचना म्हणजे फ्लॅग. ‘-ओ२’ हा पर्याय वेगासाठी मजकुराची सर्वसाधारण फेररचना करतो. ‘-जी’ दोष शोधण्यासाठी लागणारी माहिती सोबत ठेवतो. ‘-मार्च=नेटिव्ह’ हा पर्याय मात्र, ज्या संगणकावर बांधणी चालू आहे त्याच्याच प्रक्रियकाच्या सर्व क्षमता वापरण्याची मुभा देतो. सुरतेच्या वरील उदाहरणातील पहिल्या बिघाडाचे हे नेहमीचे कारण आहे. एव्हीएक्स-२ हा आज्ञासंच इंटेलच्या प्रक्रियकांत २०१३ साली आला. त्यावर विसंबून बांधलेली आज्ञावली त्याआधीच्या प्रक्रियकाला समजतच नाही.

पॅकेज बांधणाऱ्याने काहीच सांगितले नाही, तर जे पर्याय आपोआप लागू होतात ते पूर्वनिर्धारित. ऑटोकॉन्फ वापरणाऱ्या प्रकल्पांत जीसीसी कंपायलरसाठी ते सहसा ‘-जी -ओ२’ असतात.

सर्वसाधारण पर्यायांचे मोल

पूर्वनिर्धारित पर्याय म्हणजे अनोळखी यंत्राला दिलेले वचन होय. २००० नंतरच्या काळात ‘गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट’ या उपक्रमातून परदेशात वापरून झालेले संगणक आपल्या राज्यातील शाळांना मिळाले आणि त्यांवर ग्नू-लिनक्स चालवण्यात आले. त्या काळातील रेड हॅट लिनक्सची बहुतेक पॅकेजेस १९८५ च्या ३८६ प्रक्रियकालाही समजतील अशाच आज्ञा वापरून बांधलेली असत. त्या आज्ञांचा क्रम तेवढा नव्या ६८६ प्रक्रियकाला सोयीचा ठेवलेला असे. थोडा वेग सोडून देण्याच्या या धोरणामुळे जुनी यंत्रे उपयोगात राहत.

ही मर्यादारेषा कालांतराने पुढे सरकते. २०२२ सालच्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ९ ने ‘एक्स८६-६४-व्ही२’ ही किमान पातळी ठरवली; २०२५ च्या दहाव्या आवृत्तीने ती ‘व्ही३’ वर नेली. ही पातळी न गाठणारे संगणक सुस्थितीत असूनही त्या आवृत्तीपुरते बाद ठरले.

पूर्वनिर्धारित म्हणजे सदैव निर्दोष, असेही नव्हे. २००९ साली लिनक्स कर्नेलच्या ‘टन’ या चालकात एक सुरक्षा-त्रुटी उघडकीस आली. पॉइंटर आधी वापरून मग तो रिकामा आहे का हे तपासलेले असल्याने, कंपायलरने ती तपासणी अनावश्यक समजून वगळली होती. त्यानंतर कर्नेलच्या बांधणीत कंपायलरची ही सवय मोडणारा ‘-एफनो-डिलीट-नल-पॉइंटर-चेक्स’ हा पर्याय कायमचा घालण्यात आला.

शेवटचा शब्द कोणाचा?

पर्याय बदलू पाहणाऱ्यांची पहिली फसगत प्राधान्यक्रमात होते. ‘मेक’ या साधनात परिसर-चलापेक्षा मेकफाइलमधील नेमणूक वरचढ ठरते आणि मेकफाइलपेक्षा आदेशओळीवर दिलेले मूल्य वरचढ ठरते. म्हणून ‘सीफ्लॅग्ज’ हे चल केवळ परिसरात ठेवले, तर मेकफाइल ते निमूटपणे डावलू शकते. उलट तेच आदेशओळीवर दिले, तर मेकफाइलमधील संपूर्ण यादी पुसली जाते. त्या यादीत बांधणीला अत्यावश्यक असे काही असेल, तर तेही जाते. याच कारणाने ‘सीफ्लॅग्ज’ हे चल वापरकर्त्यासाठी मोकळे ठेवावे आणि अत्यावश्यक पर्याय स्वतंत्र ठेवावेत, असा ग्नू प्रकल्पाचा संकेत आहे. जीसीसीला ‘-ओ’चे दोन पर्याय मिळाले, तर शेवटचा लागू होतो, म्हणून वापरकर्त्याचे पर्याय यादीच्या शेवटी येणे इष्ट.

डेबियनमध्ये हे काम ‘डीपीकेजी-बिल्डफ्लॅग्ज’ हे साधन करते. तेथे पर्याय जोडणे, काढणे आणि संपूर्ण बदलणे यांसाठी वेगवेगळी चले आहेत. पॅकेजचा सांभाळ करणारा आणि ते स्वतः बांधणारा वापरकर्ता यांची चलेही वेगळी आहेत. जेंटूमध्ये ‘मेक.कॉन्फ’ ही फाइल सर्व पॅकेजेसना लागू होते, तर ‘पॅकेज.एन्व्ह’च्या साहाय्याने एकाच पॅकेजपुरता अपवाद करता येतो. वापरकर्त्याचे पर्याय न जुमानणारे पॅकेज तेथे सदोष मानले जाते.

बदलताना काय गमावते?

संपूर्ण यादी बदलली, की पहिला बळी सुरक्षेचा जातो. ‘-एफस्टॅक-प्रोटेक्टर-स्ट्राँग’ हा पर्याय स्मृतीतील अतिक्रमण ओळखतो. ‘फॉर्टिफाय सोर्स’ धोकादायक नकला रोखतो. परंतु वेगवर्धन बंद असेल, म्हणजे ‘-ओ०’ वापरला असेल, तर तो निष्प्रभ ठरतो. दोष शोधण्यासाठी केलेला बदल अशा रीतीने संरक्षणच काढून घेतो. सीमेकच्या ‘रिलीज’ प्रकारात ‘-डीएनडीबग’ आपोआप लागतो आणि प्रोग्रॅमरने लिहिलेल्या ‘असर्ट’ तपासण्या गळून पडतात, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरा बळी अचूकतेचा. ‘-ओफास्ट’मध्ये ‘-एफफास्ट-मॅथ’ अंतर्भूत असतो आणि तो अपूर्णांकांच्या गणिताचे प्रमाण नियम शिथिल करतो. पायथॉनची काही पॅकेजेस, त्यांत ‘जीइव्हेंट’ हे एक, या पर्यायासह बांधली गेल्याचे २०२२ साली निदर्शनास आले. ती नुसती लोड केली, तरी अतिसूक्ष्म संख्यांना शून्य मानण्याची सवय प्रोग्रॅमच्या इतर भागांनाही जडत होती. एका पॅकेजचा निर्णय असा इतरांच्या गणितात शिरत होता. जीसीसी १३ मध्ये सामायिक लायब्ररींपुरता हा परिणाम थांबवण्यात आला.

मग बदलावेच का?

यंत्र ओळखीचे असेल, तेव्हा बदल रास्त ठरतो. १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ साकारला. तेव्हापासून महासंगणक हे नाव मराठी वाचकाला परिचित आहे. अशा यंत्रांवर हवामानाची किंवा रेणूंची गणिते दिवसचे दिवस चालतात. तेथे त्याच प्रक्रियकासाठी खास बांधणी केली, तर वाचणारा वेळ मोलाचा असतो. महासंगणकांसाठी घडवलेले ‘स्पॅक’ हे साधन मुळातच समोरचा प्रक्रियक ओळखून बांधणी करते. हवे ते फ्लॅग प्रत्येक पॅकेजपुरते देण्याची सोयही त्यात आहे.

एरवी चार पथ्ये पुरेशी आहेत. पूर्ण यादी बदलण्याऐवजी जोड द्यावी. बदल एकाच पॅकेजपुरता ठेवावा. ‘व्ही=१’ किंवा ‘व्हर्बोज’ लावून कंपायलरला प्रत्यक्ष कोणते पर्याय पोहोचले, ते पाहावे आणि मग पॅकेजच्या चाचण्या पुन्हा चालवाव्यात. कोणता पर्याय, का आणि कोणत्या तारखेला बदलला, याची लेखी नोंद ठेवावी. पूर्वनिर्धारित पर्याय डावलणारा माणूस त्यामागचे वचन स्वतःच्या शिरावर घेत असतो. सुरतेतील त्या काल्पनिक कारखान्यात खडा कापला गेल्यावर ‘हा आकडा कोठून आला’ असा प्रश्न उभा राहिला, तर त्याचे उत्तर त्या नोंदीतच सापडेल.