पहिला सभासद

माणसे जमविणे आणि माणसे सांभाळणे ही दोन निराळी कामे आहेत. पहिले वक्तृत्वाने साधते. दुसऱ्यास पुढाऱ्याच्या अंगी काही नेम असावे लागतात, आणि ते त्याने आधी स्वतःवर चालवावे लागतात. याचा दाखला शोधण्यास आपणांस दूर जावयास नको. गुहागर तालुक्यातील कोतळूक येथे ९ मे १८६६ रोजी जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांचे चरित्र आपण या दृष्टीने पाहू.

वडील लवकर निवर्तले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतील ८ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवीत. पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीत गोखल्यांनी दरमहा ७५ रुपयांवर वीस वर्षे शिकविण्याचे व्रत घेतले आणि १९०२ पर्यंत ते पुरे केले. दुसऱ्याच्या त्यागावर शिकलेल्या मनुष्याने ते ऋण असे फेडले.

परंतु नेत्याची खरी परीक्षा यशात होत नाही. १८९७ साली वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी गोखले विलायतेस गेले होते. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तावरील गोऱ्या सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची पत्रे त्यांना आली, आणि ती हकीकत त्यांनी 'मँचेस्टर गार्डियन'ला सांगितली. सरकारने पुरावा मागितला. परत आल्यावर पाहतात तो पुरावा उभा राहीना. पत्रलेखकांची नावे सांगून अंग काढून घेणे सोपे होते. गोखल्यांनी एकही नाव उघड केले नाही. जबाबदारी स्वतःवर घेऊन जाहीर माफी मागितली. स्वकीयांनी त्यांचा उपहास केला. त्याच वर्षी रत्नागिरीचेच टिळक राजद्रोहाच्या आरोपावरून तुरुंगात गेले. तेव्हा ही माफी लोकांस अधिकच बोचली. ती राजकारण म्हणून योग्य होती की नाही, यावर मतभेद होऊ शकेल. पण विश्वासाने लिहिणाऱ्यांस उघडे न पाडता टीकेचा भार आपण सोसावयाचा, ही नीती तिच्यामागे होती, हे विसरता येत नाही.

हीच नीती १२ जून १९०५ रोजी पुण्यात भारत सेवक समाजाच्या रूपाने उभी राहिली. द्रविड, पटवर्धन आणि देवधर हे आरंभीचे सहकारी. प्रथम गोखल्यांनी स्वतः सात प्रतिज्ञा घेतल्या आणि मगच त्यांना दिल्या. देशाचा विचार प्रथम. स्वतःसाठी पैसा मिळविणे नाही. सर्व हिंदवासीयांस बंधू मानणे. आणि वैयक्तिक भांडणात न पडणे, अशा त्या प्रतिज्ञा होत्या. शेवटची आम्हांस विशेष वाटते. १८९० साली टिळक ज्या कलहात सोसायटीतून बाहेर पडले, तो गोखल्यांनी जवळून पाहिला होता. समाजात त्यांची पदवी 'पहिला सभासद' अशी होती. नेम ज्याने सर्वांआधी अंगावर घेतला तो पहिला, एवढाच आम्ही तिचा अर्थ घेतो.

शिस्त होती, तरी सहकाऱ्यांच्या मतांचा कोंडमारा नव्हता. गांधीजी १९१५ साली स्वदेशी आले तेव्हा एक वर्ष देश पाहावा, जाहीर प्रश्नांवर बोलू नये, असे गोखल्यांनी त्यांना सांगितले. गांधीजींनी ते पाळले. समाजात त्यांना घ्यावे ही गोखल्यांची इच्छा होती, पण सभासदांची मने साशंक होती. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले वारले, आणि पुढे गांधीजींनी आपला अर्ज मागे घेतला. गोखल्यांच्या मृत्यूनंतर स्मशानभूमीवर त्यांच्या कर्तृत्वाचा गौरव करण्यासाठी त्यांचे कडवे प्रतिपक्षी टिळकही उभे राहिले.

श्रोतेहो, आपल्या गावातील वाचनालय, पतपेढी, शाळा यांच्या मंडळांतही हाच प्रश्न रोज उभा असतो. हिशेब चुकला तर कारकुनाकडे बोट दाखविणारा अध्यक्ष आणि तो चूक आपली म्हणणारा अध्यक्ष, यांतील कोणाचे मंडळ दहा वर्षे टिकेल, हे सांगावयास पंडित नको. कोतळूकच्या या पुत्राने एवढे दाखवून ठेवले आहे. आचरण आपल्या हाती आहे.