अन्न, आश्रय आणि नाव : छत्तीसगढमधील दुष्काळ आणि ख्रिस्ती मदतकार्य (१८६८–१९०२)

रायपूरचा मराठी इतिहासाशी असलेला संबंध बहुधा भोसल्यांच्या राजवटीपुरता सांगितला जातो. १७४१ मधील भास्करपंतांची स्वारी, बिंबाजी भोसले यांचा रतनपूरचा कारभार आणि १८५४ मध्ये नागपूर संस्थान खालसा होणे, येथे हा वृत्तांत संपतो. राज्य गेले, तरी कारभार, वकिली आणि शिक्षण यांनिमित्त या प्रदेशात स्थिरावलेली मराठी कुटुंबे तेथेच राहिली. १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाल्यावर नागपूर आणि रायपूर एकाच प्रशासनाखाली आले. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छत्तीसगढवर कोसळलेल्या दुष्काळांची व त्यांत चर्चसंस्थांनी केलेल्या मदतकार्याची कथा मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला परकी मानता येत नाही.

या दुष्काळांचे मूळ केवळ अवर्षणात नव्हते. १८६० च्या दशकातील जमीनबंदोबस्ताने मालगुजारांना गावाची मालकी दिली. पूर्वी वसुलीचा मध्यस्थ असलेला मनुष्य जमिनीचा धनी झाला आणि जमीन गहाण पडण्याजोगी, विकण्याजोगी वस्तू बनली. १८८० च्या दशकात नागपूरकडून राजनांदगाव व रायपूरपर्यंत लोहमार्ग आला. भाताच्या कोठारातील धान्य दूरच्या बाजारपेठांकडे वाहू लागले आणि भाव चढले. भाववाढीचा लाभ धान्य विकणाऱ्यास झाला. धान्याच्या रूपात मजुरी मिळविणारा शेतमजूर, गिरणीच्या कापडापुढे हतबल झालेला विणकर आणि कर्जबाजारी कूळ यांच्या वाट्याला मात्र असुरक्षितताच आली. पाऊस हुकला की प्रथम मोडून पडणारा वर्ग हाच होता.

या पार्श्वभूमीवर १८६८ मध्ये ऑस्कर लोर हे अमेरिकेतील जर्मन इव्हँजेलिकल मिशनरी सोसायटीच्या वतीने रायपुरास आले. छोटा नागपूरमधील गोस्नर मिशनचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. सतनामी पंथाची निर्गुण सत्यनामावरील श्रद्धा, मूर्तिपूजेचा त्याग आणि जातिश्रेष्ठत्वास नकार या गोष्टी ऐकून हा समाज ख्रिस्ताकडे सहज वळेल अशी त्यांची अपेक्षा होती. गुरू घासीदासांची शिकवण मात्र स्वतंत्र व स्वयंपूर्ण होती. अपेक्षित सामूहिक धर्मांतर घडले नाही. लोर यांनी रायपूरच्या उत्तरेस जमीन मिळवून बिश्रामपूर हे गाव वसविले. विश्रामाचे स्थान हा नावाचा अर्थ धर्मदृष्ट्या जितका सूचक, तितकाच आर्थिकदृष्ट्याही. मिशन येथे एकाच वेळी पाळक, वैद्य, शाळाचालक आणि मालगुजार होते. ख्रिस्ती झालेला सतनामी त्याच गावात मिशनचे कूळ होता. गावकऱ्याने धन्यास मायबाप म्हणण्याची जुनी रीत मिशनऱ्यालाही लागू झाली, याकडे सौरभ दुबे यांच्या संशोधनाने लक्ष वेधले आहे. नवा धर्म अशा रीतीने जुन्याच सामाजिक नात्याच्या साच्यातून लोकांपर्यंत पोहोचला.

१८९६-९७ च्या दुष्काळाने या नात्याचा विस्तार केला. त्यातून प्रांत सावरतो न सावरतो तोच १८९९ चा मान्सून फसला. विक्रम संवत १९५६ मधील हा दुष्काळ उत्तर व पश्चिम भारतात ‘छप्पनिया’ म्हणून लोकस्मृतीत राहिला. १९०० च्या पावसाळ्यात एकट्या मध्यप्रांतात सरकारी मदतीवर जगणाऱ्यांची संख्या वीस लाखांवर गेली होती. १८९१ च्या जनगणनेत सुमारे १ कोटी ८ लाख असलेली प्रांताची लोकसंख्या १९०१ मध्ये ९९ लाखांच्या आत आली. दुष्काळसंहितेनुसार सक्षम मनुष्यास खडी फोडण्याचे वा मातीचे काम मिळे व अशक्तास शिजविलेले अन्न. परंतु जो कामावर पोहोचूच शकत नाही, ज्याला घेऊन जाणारे कोणी उरलेले नाही, ज्याला महारोग आहे, अशांच्या बाबतीत ही व्यवस्था तोकडी पडे. चर्चसंस्थांचे कार्य मुख्यतः याच रिकाम्या जागेत उभे राहिले. रायपूर–बिलासपूर मार्गावरील चांदखुरी येथे १८९७ मध्ये सुरू झालेला कुष्ठाश्रम हे त्याचे एक ठळक उदाहरण होय.

दुसरे उदाहरण धमतरीचे. तेव्हा हा भाग रायपूर जिल्ह्यात होता. १८९७ मध्ये अमेरिकेत जमविलेले धान्य घेऊन ‘सिटी ऑफ एव्हरेट’ हे जहाज कलकत्त्यास आले. मदतवाटपासाठी आलेल्या जॉर्ज लँबर्ट यांनी परतल्यावर दुष्काळाचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्याचा मेनोनाइट मंडळ्यांवर खोल परिणाम झाला. १८९९ मध्ये जेकब रेसलर आणि विल्यम व ॲलिस पेज हे दांपत्य यांनी धमतरीत मिशनची स्थापना केली. शस्त्र न धरण्याचे व्रत घेतलेला हा पंथ येथे प्रथम आला तो भुकेची वार्ता ऐकून. प्रचाराची घडी बसण्यापूर्वीच रेसलर यांच्याकडे सरकारी मदतकार्याची देखरेख आली आणि अनाथाश्रमांत शेकडो मुले जमा झाली. पुढे १९०६ मध्ये मिशनने बालोदगहान हे गाव विकत घेतले आणि वाढलेल्या अनाथ मुलांपैकी अनेकांना तेथे शेतीवर वसविले. बिश्रामपूरचाच क्रम येथे उलट दिसतो. तेथे आधी जमीन व मग दुष्काळ, येथे आधी दुष्काळ व मग जमीन. शेवट मात्र एकच, मदत देणारी संस्था गावाची धनी झाली.

अनाथ मुलांचा प्रश्न या सर्व इतिहासातील सर्वांत नाजूक भाग होय. मूल वाचले की त्याला अन्न मिळे, वस्त्र मिळे, अक्षरओळख होई आणि बहुधा नवे नावही मिळे. जातीच्या पंगतीतून एकदा बाहेर पडलेल्या मुलाला परत घेण्यास नातलग कचरत, त्यामुळे आश्रय हाच कायमचा निवास ठरे. हिंदू समाजातून यावर टीका झाली. अनाथ मुले कोणाच्या स्वाधीन करावीत याचा विचार १९०१ च्या दुष्काळ आयोगासही करावा लागला. मात्र टीका करणाऱ्या समाजाने स्वतः किती मुलांना घरात घेतले, हा प्रश्नही तितकाच टोकदार होता.

या प्रश्नाची मराठी बाजू पंडिता रमाबाईंच्या कार्यात दिसते. शारदा सदनातील धर्मांतरावरून १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठले होते. त्यानंतर १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्यप्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व विधवा घेऊन परतल्या. केडगावच्या मुक्ती सदनाचा पाया यातूनच घातला गेला. रमाबाईंचे आईवडील व बहीण १८७० च्या दशकातील दुष्काळात गेले होते. त्यामुळे त्यांच्या दुष्काळविषयक लेखनात देणाऱ्याचा हात आणि घेणाऱ्याची आठवण एकाच व्यक्तीत एकत्र येतात. मिशनच्या वार्षिक वृत्तांतांना हे साधत नाही. दूरच्या देणगीदारासाठी लिहिलेल्या त्या वृत्तांतांत भुकेला मनुष्य बहुधा संख्या म्हणून येतो, वा कृतज्ञ चेहरा म्हणून. धान्य बाहेर नेणाऱ्या याच लोहमार्गावर १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावास नोकरीसाठी जाताना नारायण वामन टिळकांना एका मिशनऱ्याने ‘नवा करार’ दिला. मराठी ख्रिस्ती काव्याच्या एका महत्त्वाच्या वळणाचा आरंभ छत्तीसगढच्या वाटेवर झाला, हेही येथे नोंदविण्यासारखे आहे.

तिसरे लेखन मिशनबाहेरचे आहे. रायपुरात शिकलेले मराठीभाषक माधवराव सप्रे यांनी ऐन दुष्काळात, जानेवारी १९०० मध्ये, पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. वामन बळीराम लाखे व रामराव चिंचोलकर हे त्यांचे सहकारीही मराठीच. या मासिकात १९०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एक टोकरी भर मिट्टी’ या कथेत जमीनदार एका विधवेची झोपडी बळकावतो. तिची नात अन्न सोडते, घरीच जेवीन म्हणते. त्या घरच्या मातीची चूल मांडली तर पोर खाईल, या आशेने विधवा टोपलीभर माती मागते. कथेत दुष्काळाचा उल्लेख नाही, मिशनचा तर नाहीच. तरीही दुष्काळाच्या पाठोपाठ आलेल्या या कथेत उपासाचे कारण अन्नाचा अभाव हे नसून घराचा अभाव हे आहे, ही गोष्ट अर्थपूर्ण ठरते. अन्न देऊन जीव वाचतो. पण ज्या मातीवरून मनुष्य उखडला गेला, ती माती अन्नाबरोबर परत मिळत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि मिशनचे धनीपणही गेले. १९५४ मध्ये मध्यप्रदेश शासनाने नेमलेल्या भवानीशंकर नियोगी समितीने मिशनकार्याची चौकशी करून १९५६ मध्ये अहवाल दिला. तेव्हापासून या मदतकार्याची चर्चा प्रायः सेवा की आमिष या दोन शब्दांत अडकली आहे. उपलब्ध इतिहास या द्वंद्वात मावत नाही. चर्चसंस्थांनी असंख्य जीव वाचविले, हे खरे. वाचलेल्यांवर त्यांची सत्ता चालली, हेही खरे. आणि ही सत्ता शक्य झाली, ती जमीनव्यवस्थेने, बाजाराने व जातीने त्या माणसांना आधीच निराधार केले होते म्हणून. वृत्तांत, आत्मकथन आणि कथा हे तीन लेखनप्रकार शेजारी ठेवून वाचले असता एक उणीव प्रकर्षाने जाणवते. अन्न देणारा बोलतो, अन्न नाकारणारी पोर कथेत बोलते, पण अन्न घेऊन, नवे नाव घेऊन जगलेले मूल या लेखनात क्वचितच स्वतःच्या शब्दांत बोलते. छत्तीसगढच्या तौलनिक वाङ्मयेतिहासाने शोध घ्यायचा आहे तो या आवाजाचा. मराठी, हिंदी, छत्तीसगढी, जर्मन आणि इंग्रजी कागदपत्रे एकत्र वाचल्याखेरीज तो ऐकू येणार नाही.