न पोहोचलेला चिमणराव

जबलपूरच्या राइट टाउनसारख्या वस्तीतील मराठी घरांचा दूरदर्शनशी आलेला संबंध समजून घ्यायचा, तर आधी या नगराचा इतिहास ध्यानात घ्यावा लागतो. १८१७ पर्यंत येथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. पुढे मध्य प्रांताची राजधानी नागपूर असल्याने शासन, शिक्षण आणि वकिली यांच्या निमित्ताने मराठी माणसाची ये-जा येथे चालू राहिली. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने नागपूर मुंबई राज्यात आणि जबलपूर नव्या मध्य प्रदेशात गेले. प्रशासनाचा धागा तुटला. घरातील भाषा मात्र मराठीच राहिली.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले, तेव्हा या तुटलेपणाला एक नवे परिमाण लाभले. ‘गजरा’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ यांसारख्या कार्यक्रमांनी मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गाची एक सामाईक स्मृती घडविली. प्रक्षेपणाच्या मर्यादेमुळे त्या स्मृतीत जबलपूरच्या मराठी प्रेक्षकाला स्थान नव्हते.

यातील सर्वांत बोलके उदाहरण ‘चिमणराव’ या मालिकेचे. चिमणराव आणि गुंड्याभाऊ या जोडीचे जनक चिं. वि. जोशी हे बडोद्यास पालीचे प्राध्यापक होते. म्हणजे पुण्यातील मध्यमवर्गीय संसाराचे हे अस्सल चित्र महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या लेखकाने रेखाटलेले. १९४० साली मास्टर विनायकांच्या ‘लग्न पहावे करून’ या चित्रपटात दामूअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांनी ही जोडी पडद्यावर आणली. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस विजया जोगळेकर-धुमाळे यांनी दूरदर्शनसाठी तिला नवे रूप दिले. दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. कर्वे हे मुंबई महानगरपालिकेतील अभियंते. नोकरी सांभाळून केलेल्या या भूमिकेने ते घराघरांत गुंड्याभाऊ म्हणूनच ओळखले जाऊ लागले. बृहन्महाराष्ट्रात जन्मलेला चिमणराव असा मुंबईच्या पडद्यावर पोहोचला, पण बृहन्महाराष्ट्राकडे मात्र परतू शकला नाही.

राइट टाउनच्या घरांत दूरचित्रवाणी आली ती उपग्रहामार्फत आणि दिल्लीची भाषा घेऊन. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी अवकाशात गेला, १९८४ मध्ये देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे पसरले आणि त्याच वर्षी ‘हम लोग’ सुरू झाली. मात्र या हिंदी पडद्यावर मराठी चेहरे वारंवार भेटत राहिले. २५ जानेवारी १९८७ पासून दाखविल्या गेलेल्या रामानंद सागर यांच्या ‘रामायण’मध्ये बाळ धुरी दशरथ होते आणि जयश्री गडकर कौसल्या, प्रत्यक्षातही हे पतिपत्नीच. मंथरा ललिता पवारांची, भरत संजय जोग यांचा. १९८८ मध्ये आलेल्या ‘महाभारता’त कृष्ण झालेले नितीश भारद्वाज पशुवैद्यकाचे शिक्षण घेतलेले मराठी तरुण. साऱ्या देशाने ज्यांना पुराणपुरुष म्हणून पाहिले, त्यांच्यात मराठी प्रेक्षकाला आपली माणसेही दिसत होती. १९८९ साली प्रकाश झा यांच्या ‘मुंगेरीलाल के हसीन सपने’मधून रघुवीर यादव भेटीस आले, ते तर जबलपूरचेच. राष्ट्रीय प्रक्षेपणाने मराठी नट दिला, जबलपूरचा नटही दिला. मराठी संवाद तेवढा दिला नाही.

या प्रसंगाकडे केवळ वंचितांच्या तक्रारीच्या दृष्टीने पाहणे मात्र अपुरे ठरेल. त्या काळी चित्रफिती महाग असत. जुने कार्यक्रम पुसून त्यांच्यावर नवे मुद्रित करण्याची पद्धत होती. परिणामी ‘चिमणराव’चे बहुतेक भाग आज उपलब्ध नाहीत. ज्या दादर-गिरगावकरांनी ते पाहिले, त्यांच्यापाशी आता केवळ आठवण उरली आहे आणि आठवणीचे आयुष्य माणसाच्या आयुष्याहून मोठे नसते. राइट टाउनच्या मराठी वाचकाने चिमणरावाला पडद्यावर पाहिले नाही. त्याचा चिमणराव ‘चिमणरावाचे चऱ्हाट’च्या पानांतला. त्याचा चेहरा कसा, आवाज कसा, हे प्रत्येकाने आपापल्या मनाशी ठरविले. ते पुस्तक कपाटातून आजही काढता येते. चित्रफीत जपण्याचे काम संस्थांचे होते आणि तेथे हयगय झाली. पुस्तक जपण्याचे काम घरांनी केले. महाराष्ट्रापासून दूर राहिलेल्या मराठी घरांच्या वाङ्मयीन इतिहासात या जपणुकीची नोंद व्हायला हवी.