किती उरलंय?

शहाड स्टेशनच्या इंडिकेटरवर ४ मिनिटं दिसली की माणूस निवांत वडापाव घेतो. आकडाच नसेल तर तोच माणूस फलाटाच्या कडेला जाऊन वाकून बघत राहतो. गाडी दोन्ही वेळा तेव्हाच येते. उल्हासनगर कॅम्प १ मधून रोज लोकल पकडणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. संगणकवाल्यांना मात्र प्रयोग करून बघावा लागला.

टोरांटो विद्यापीठात शिकणाऱ्या ब्रॅड मायर्सने ४८ विद्यार्थ्यांना संगणकावर माहिती शोधायला लावली, कधी प्रगती दाखवणाऱ्या पट्टीसह, कधी पट्टीविना. ८६ टक्क्यांना पट्टी आवडली. त्याचा हा निबंध १९८५चा.

दहा वर्षांनी, १५ ऑगस्ट १९९५ला, विदेश संचार निगमने भारतात सर्वांसाठी इंटरनेट सुरू केलं. फोनच्या तारेवरून पान रांगत यायचं. नेटस्केपच्या कोपऱ्यात 'एन' अक्षराभोवती उल्का पडत राहायच्या. काम चालू आहे एवढंच त्यातून कळायचं, किती उरलंय ते नाही. त्यापेक्षा जीआयएफ चित्रं प्रामाणिक वाटतात. त्यांच्या एका प्रकारात आधी दर आठवी ओळ यायची, मग मधल्या ओळी भरत जायच्या. धूसर चित्र हळूहळू स्पष्ट होई. वेगळी पट्टी कशाला?

वेबपानाची खरी अडचण हिशेबाची आहे. एक फाइल उतरवताना सर्व्हर तिचा आकार आधी सांगू शकतो. पान मात्र उघडता उघडता आणखी चित्रं, फॉन्ट, जाहिराती मागवत जातं. एकूण किती, हे ब्राउझरलाच आधी ठाऊक नसतं. म्हणून पानाच्या माथ्यावर सरकणारी ती बारीक रेघ बऱ्याचदा अंदाजपंचे असते: शेवटाजवळ घुटमळते आणि पान आलं की टुणकन पूर्ण होते. २०१३मध्ये ल्यूक व्रोब्लेव्स्कीने 'स्केलेटन स्क्रीन' हे नाव रूढ केलं. तुमच्या फोनवर मजकुराआधी दिसणारे राखाडी ठोकळे ते हेच.

व्हिडिओ बघताना ही थाप चालून जाते. पण कॅम्प १ मधला एखादा दुकानदार वेबसाइटवरून माल मागवतो, पैसे भरतो, आणि पडद्यावर चक्र फिरत राहतं: 'रिफ्रेश करू नका'. खात्यातून पैसे गेले का? पुन्हा भरायचे का? तिथे टक्केवारी खरी असूच शकत नाही, कारण उत्तर बँकेकडून यायचं असतं. मग तेवढंच लिहावं: 'विनंती बँकेकडे पोचली आहे, उत्तर यायचं आहे.' दुकानदार तेवढ्या वेळात पुढचं गिऱ्हाईक बघेल.