रूथचे स्वयंपाकघर

मेंदूवरील शस्त्रक्रियेचा इतिहास बहुधा शस्त्रक्रियागृहाच्या दारापाशी सुरू होतो आणि त्याच दारापाशी संपतो. कवटी कोणी उघडली, गाठ केवढी निघाली, रुग्ण किती दिवस जगला हे त्यात नोंदलेले असते. रुग्ण घरी गेल्यावर काय झाले, हे एखाद्या वाक्यात उरकलेले असते किंवा नसतेच. या वगळलेल्या भागाविषयी चार शब्द लिहावेत, असे बरेच दिवस मनात होते.

आधुनिक काळातील पहिली गाजलेली घटना लंडनची. २५ नोव्हेंबर १८८४ रोजी रिकमन गॉडली या शल्यविशारदाने एका पंचवीस वर्षांच्या स्कॉटिश शेतकऱ्याच्या मेंदूतील गाठ काढली. गाठ कोठे असावी, हे ह्यूज बेनेट या वैद्याने केवळ लक्षणांवरून सांगितले होते आणि ती तेथेच सापडली. तो तरुण अंथरुणावर असतानाच ‘टाइम्स’च्या पत्रव्यवहारात वाद पेटला. प्राण्यांवर प्रयोग केले नसते तर हे ज्ञान मिळाले असते का, हा त्या वादाचा विषय होता. त्या धुमश्चक्रीत रुग्णाच्या प्रकृतीचा उपयोग दाखल्यासारखा झाला. अठ्ठाविसाव्या दिवशी जंतुसंसर्गाने तो गेला. घर त्याच्या वाट्याला आलेच नाही.

घराची पहिली चाहूल लागते ती हार्वे कुशिंग या अमेरिकन शल्यविशारदापाशी. त्याने फेब्रुवारी १९१० मध्ये लेनर्ड वुड या सेनानीच्या मेंदूच्या आवरणातील गाठ काढली आणि त्याच वर्षी वुड अमेरिकी लष्कराचा प्रमुख झाला. (गाठ पुन्हा वाढली. १९२७ मधील शस्त्रक्रियेनंतर तो वाचला नाही.) पण येथे महत्त्वाची आहे ती कुशिंगची एक सवय. शस्त्रक्रियेच्या वार्षिक तिथीला आपली हकीकत पत्राने कळवा, असे तो रुग्णांना सांगत असे. ऑस्लरच्या चरित्रासाठी १९२६ साली पुलित्झर पारितोषिक मिळवणाऱ्या या माणसाला पत्र नावाच्या कागदाचे मोल ठाऊक असणार. तरीही पत्रात माणूस स्वतःला दिसते तेवढेच लिहितो. स्वतःला न दिसणारे काही हरवले असेल तर ते पत्रात कसे यावे?

या प्रश्नाचे उत्तर मिळाले ते एका स्वयंपाकघरात. वाइल्डर पेनफील्ड हा तरुण शल्यविशारद १९२८ मध्ये माँट्रियलला आला. त्याच वर्षी त्याची थोरली बहीण रूथ कॅलिफोर्नियाहून त्याच्याकडे आली. वय त्रेचाळीस, सहा मुलांची आई. तिला पूर्वीपासून आकडी येत असे, आता डोकेदुखी आणि दृष्टीचा त्रासही वाढला होता. मेंदूत गाठ निघाली. डिसेंबर १९२८ मध्ये सख्ख्या भावाने बहिणीच्या डोक्यावर शस्त्र धरले. कपाळामागचा उजवा ललाटखंड जवळजवळ सगळा काढावा लागला, तरीही गाठ मुळापासून गेली नाही. हे सारे पेनफील्डने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले. ते त्याच्या मृत्यूनंतर, १९७७ साली प्रसिद्ध झाले.

रूथ उठली. बोलणे तेच, आठवणी शाबूत, स्वभाव गोड. तपासणीत मोठेसे वैगुण्य आढळेना. मेंदूचा एवढा मोठा भाग गेला आणि काहीच बिघडले नाही, असे कोणालाही वाटले असते. ती घरी परतली.

येथे क्षणभर थांबून आपल्या भाषेकडे पाहावेसे वाटते. मराठीत माणूस ‘अंथरूण धरतो’, मग त्याला ‘उतार पडतो’, ‘अन्न जाऊ लागते’ आणि एके दिवशी तो ‘दुखण्यातून उठतो’. हे सर्व शब्दप्रयोग शरीराचे आहेत आणि ते फार नेमके आहेत. उठून बसलेला, जेवलेला, हिंडूफिरू लागलेला माणूस आपल्या लेखी ‘खडखडीत बरा’ असतो. त्यापुढच्या दुखण्याला आपण नाव दिलेले नाही. ‘आता घरी विश्रांती घ्या’ हे वैद्यकीय वाक्यही असेच फसवे आहे. सहा मुलांच्या आईसाठी घर ही विश्रांतीची जागा कधी होती? तिचे कामाचे ठिकाण तेच होते. तिची खरी परीक्षा तेथेच व्हायची होती.

शस्त्रक्रियेनंतर सुमारे पंधरा महिन्यांनी पेनफील्ड तिच्याकडे जेवायला होता. पाहुणा एक आणि घरची माणसे चार. बेत साधा होता. रूथला त्याचा आनंद होता आणि तयारीला अख्खा दिवस मोकळा मिळाला होता. जेवणाची वेळ झाली. भाऊ स्वयंपाकघरात डोकावला तेव्हा सगळे जिन्नस तेथे होते. एक-दोन पदार्थ चुलीवर होते. सॅलड झालेले नव्हते, मांस शिजवायला घेतलेलेही नव्हते, आणि दिवसभर एकटीने खटपट करून बहीण भांबावून, रडवेली होऊन उभी होती.

पेनफील्डने जे पाहिले ते ध्यानात घेण्यासारखे आहे. यातील प्रत्येक कृती तिला सुटी सुटी येत होती. भाजी चिरणे, उकळणे, चव पाहणे यांतले काहीच ती विसरली नव्हती. आधी काय, नंतर काय आणि एकाच वेळी काय काय, याची मांडणी मात्र तिच्या हातून निसटली होती. आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर डाळ भिजत घालणे, कुकर लावणे, तो होईतो कणीक मळणे आणि पाने घेताना पोळ्या गरम असणे यांत केवढे नियोजन असते, हे रोज आयते पानावर बसणाऱ्याच्या लक्षात येत नाही. साहित्याच्या विद्यार्थ्याला हा फरक वेगळ्या शब्दांत सांगता येईल. घटना सगळ्या हजर होत्या, कथानक गेले होते.

तपासणीच्या खोलीत हे का दिसले नाही? कारण तेथे प्रश्न विचारणारा समोर असतो. पहिला प्रश्न, मग दुसरा, असा क्रम तोच लावून देतो. घरी तो क्रम ज्याचा त्याने लावायचा असतो. शिवाय, बाईच्या स्वयंपाकाला बुद्धीचे काम मानण्याची रीत तेव्हाच्या वैद्यकात फारशी नव्हती. (आजही ती रुळली आहे, असे मी म्हणणार नाही.) पेनफील्ड केवळ शल्यविशारद असता तर त्या घरी जेवायला गेला नसता. भाऊ होता म्हणून गेला, आणि भाऊ असल्यामुळेच ती पूर्वी कशी होती हे त्याला माहीत होते. जोसेफ इव्हान्स या सहकाऱ्याबरोबर त्याने १९३५ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात ललाटखंडावर निबंध लिहिला. त्यात हे अर्धवट राहिलेले जेवण पुरावा म्हणून आले आहे. एका घरगुती फजितीला विज्ञानात असे स्थान क्वचितच मिळते.

हे सर्व मी वाचले ते उशिरा. त्याआधी आमच्या विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांवर अशीच शस्त्रक्रिया झाली होती. महिन्याभराने भेटायला गेलो. ज्ञानेश्वरीवर ते पूर्वीसारखेच रसाळ बोलले. ओव्या तोंडपाठ होत्या. ‘सर, तुम्ही तर ठणठणीत दिसता,’ असे मी म्हणालो आणि ते हसले. निरोप घेताना वहिनी दारापर्यंत आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, ‘चहा समोर ठेवला तर घेतात. नाही ठेवला तर मागत नाहीत. दिवसभर तसेच बसून असतात.’ मी त्यांचे समाधान केले, अशक्तपणा आहे, जाईल. पुढे सर रुजू झाले. प्रश्नपत्रिका काढण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि ते आठवडेच्या आठवडे पडून राहिले. विभागात कुजबुज सुरू झाली. ‘सर, आता थोडे मनावर घ्या,’ असे त्यांना सांगण्याची कामगिरी माझ्यावर आली आणि मी ती पार पाडली. त्यांनी मान डोलावली. त्यांच्यापाशी प्रश्न होते, विषय होता, कोरा कागद होता. वहिनींनी दारात मला जे सांगितले, ते कोणत्याही तपासणीपेक्षा नेमके होते. मी ते बायकोची काळजी म्हणून बाजूला सारले होते.

वाङ्मयात तरी या काळाला जागा मिळाली आहे का? हंगेरियन लेखक फ्रिग्येश करिंथी याचे नाव येथे हटकून निघते. १९३६ मध्ये बुडापेस्टच्या कॅफेत बसला असता त्याला नसलेल्या आगगाड्यांचा खडखडाट ऐकू येऊ लागला. स्टॉकहोमला ओलिव्हेक्रोना याने केवळ स्थानिक भूल देऊन, म्हणजे तो जागा असताना, त्याची गाठ काढली. त्यावरचे त्याचे पुस्तक १९३७ मध्ये आले. ते विलक्षण आहे, विनोदी आहे, आणि वाचकांच्या स्मरणात राहतो तो कवटी उघडतानाचा आवाज. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९३८ मध्ये, करिंथी पक्षाघाताने गेला. पुस्तक हाती लागल्यामुळे त्याचे बरे होणे जगाला दिसले. रूथसारख्यांचे बरे होणे लिहिणार कोण? ज्या क्रमाने वाक्यामागून वाक्य येते, तो क्रमच जिथे दुखावला आहे, तिथे आत्मचरित्र सुचत नाही. दुसऱ्या कोणीतरी स्वयंपाकघरात डोकावावे लागते.

पेनफील्डच्या हाताखाली शिकलेले डॉ. जेकब चांडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोरला भारतातील पहिला मेंदूशल्यविभाग सुरू केला, तेव्हा रूथला जाऊन बरीच वर्षे झाली होती. तिची गाठ पुन्हा वाढली होती. १९३० मध्ये कुशिंगने शस्त्रक्रिया केली आणि १९३१ मध्ये ती वारली. त्या संध्याकाळचे जेवण मात्र झाले. भावाने थोडा हात लावल्यावर तिने उरलेले सगळे पार पाडले आणि पाहुणा व घरची मंडळी पानावर बसली.